काउंटर, काटा आणि कोपेर्तो: इटलीच्या शहरांत कमी खर्चात पोटभर खाण्याची रीत

रोममधल्या एखाद्या बारमध्ये काउंटरला उभं राहून कॉफी प्यायलात तर सव्वा ते दीड युरो पडतात. तीच कॉफी बाहेर फुटपाथवरच्या खुर्चीत बसून मागवली तर चार-पाच युरो. कप तोच, यंत्रही तेच. इटलीत खाण्याचे पैसे पदार्थाला लागतात, तसे बसायच्या जागेला, जेवायच्या वेळेला आणि काट्यावरच्या वजनालाही लागतात. स्वस्त हॉटेल शोधत गल्लोगल्ली फिरण्यापेक्षा या तीन गोष्टी सांभाळल्या, तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो आणि खाणंही बहुतेक वेळा जास्त चांगलं मिळतं. खाली दिलेले भाव मोठ्या शहरांतले, साधारण अंदाजाचे आहेत. नेपल्स आणि पालेर्मोत थोडे कमी, व्हेनिस आणि मिलानमध्ये थोडे जास्त धरा.

सकाळ: बारमधली न्याहारी

इटलीत ‘बार’ म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. सकाळी सहा-सातपासून उघडं असलेलं हे कॉफीचं दुकान, आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यासारखं. कॅपुचिनो आणि कोर्नेत्तो (अर्धचंद्राच्या आकाराची गोड पाव-खारी; मिलानकडे तिलाच ब्रिओश म्हणतात) मिळून अडीच ते साडेतीन युरो होतात. हॉटेलची खोली घेताना न्याहारीचे माणशी दहा-बारा युरो वेगळे दाखवत असतील तर ते सरळ काढून टाका.

गर्दीच्या बारमध्ये, विशेषतः स्टेशनांवर आणि शहराच्या मध्यभागी, रीत अशी असते:

१. आत शिरल्यावर आधी ‘कास्सा’ म्हणजे गल्ला शोधा. काय हवंय ते तिथे सांगून पैसे द्या.
२. मिळालेली पावती (स्कोन्त्रीनो) हातात ठेवा, फेकू नका.
३. काउंटरवर जाऊन पावती ठेवा आणि पदार्थ पुन्हा एकदा सांगा.
४. तिथेच उभं राहून प्या आणि निघा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

वस्तीतल्या लहान बारमध्ये आधी पिऊन मग पैसे दिले तरी चालतं. शेजारचा माणूस काय करतोय ते बघून ठरवा.

नवखा माणूस इथे दोन चुका करतो. पहिली म्हणजे काउंटरवरून कप उचलून स्वतःच टेबलावर नेऊन बसणं. आपणच नेला, मग जास्त पैसे कशाचे, असं वाटतं. पण अनेक ठिकाणी बसलात की टेबलाचा दर लागू होतो. शंका असेल तर आधी विचारा: ‘सी पागा दी प्यू अल ताव्होलो?’, म्हणजे टेबलावर बसलं तर जास्त पडतात का? दरफलकावर बहुधा दोन रकाने असतात: ‘बांको’ म्हणजे काउंटर, ‘ताव्होलो’ म्हणजे टेबल. दुसरी चूक नावांची. नुसतं ‘काफे’ म्हटलं की छोटी, कडक एस्प्रेसो येते. ‘लात्ते’ म्हटलं तर पेलाभर नुसतं दूध.

व्हेनिसच्या सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजवणारे जुने कॅफे आहेत. तिथे संगीत सुरू असताना बसलात की कॉफीच्या दरावर माणशी संगीताचा आकार चढतो. तो मेनूवर छापलेला असतो, त्यामुळे नंतर वाद घालून काही हाती लागत नाही. संगीत चौकात उभं राहूनही ऐकू येतंच.

पाणी: विकत घेऊ नका

पर्यटनस्थळाजवळच्या गाड्यावर अर्ध्या लिटरची बाटली दीड-दोन युरोला विकतात. उन्हाळ्यात चौघांचं कुटुंब दिवसाला आठ-दहा बाटल्या सहज संपवतं. हा खर्च पूर्णपणे टाळता येतो, कारण शहरभर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

रोममध्ये असे सुमारे अडीच हजार बिडाचे नळ आहेत. तोटी नाकासारखी वाकडी, म्हणून त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठं नाक, म्हणतात. १८७४ च्या सुमारास ते बसवायला सुरुवात झाली. पाणी सतत वाहत असतं, त्यामुळे ते थंड राहतं. वाकून प्यायची गरज नाही: तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं, खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते. मिलानमध्ये हिरव्या रंगाचे, ड्रॅगनच्या तोंडाचे नळ दिसतात. तोरीनोत बैलाच्या डोक्याचे, त्यांना ‘तोरेत’ म्हणतात. व्हेनिसमध्ये बहुतेक मोठ्या चौकांत एक तरी नळ असतो. फ्लोरेन्समध्ये पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकात साधं आणि सोडायुक्त असं दोन्ही पाणी देणारा नळ आहे. फक्त ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. मोठ्या शोभिवंत कारंज्यांच्या हौदात बाटली बुडवू नका. पिण्याचा नळ बाजूला वेगळा असतो.

बारमध्ये कॉफी घेताना ‘उन बिक्किएरे दाक्वा’ म्हणजे एक पेला पाणी मागितलं तर ते बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. नेपल्समध्ये तर न मागताच कॉफीच्या आधी समोर ठेवतात. रेस्टॉरंटमध्ये नळाचं पाणी मागायची पद्धत मात्र नाही. तिथे लिटरच्या बाटलीचे दोन-तीन युरो धरूनच चाला.

दुपार: ‘दोन एत्तो द्या’

फरसाणाच्या दुकानात ‘पाव किलो द्या’ म्हणायची सवय असलेल्या माणसाला इटलीतलं दुपारचं जेवण जमायला अजिबात वेळ लागू नये. रोममधला ‘पिझ्झा अल ताल्यो’ हा लांबट ट्रेमधला पिझ्झा कात्रीने किंवा सुरीने कापून वजनावर विकतात. भाव किलोचा किंवा ‘एत्तो’चा असतो. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. पाटीवर एच आणि जी ही दोन अक्षरं दिसली तर तो भाव १०० ग्रॅमचा समजा.

साध्या टोमॅटोच्या किंवा मार्घेरिता पिझ्झाचा भाव किलोला साधारण १४ ते १८ युरो असतो. एका माणसाचं दुपारचं पोट २५० ते ३०० ग्रॅममध्ये भरतं, म्हणजे साडेतीन ते साडेपाच युरोत. गडबड होते ती तुकडा दाखवताना. ‘हा द्या’ म्हणून नुसतं बोट केलं की विक्रेता त्याच्या मनाने कापतो. त्यात बटाटा, मशरूम किंवा भरपूर चीज असलेला जाड थर असेल तर एकच तुकडा ४०० ग्रॅमच्या वर जातो. तो सुरी किंवा कात्री ठेवून तुमच्याकडे बघतो, तोच क्षण बोलायचा. ‘दि मेनो’ म्हणजे कमी, ‘कोझी वा बेने’ म्हणजे एवढं ठीक. दोन-तीन प्रकार हवे असतील तर प्रत्येकी एकच एत्तो सांगा. गरम करून मागा, त्याचे जास्त पैसे लागत नाहीत. अशा दुकानांतल्या उंच स्टुलांना बहुधा वेगळा आकार नसतो.

हाच काटा ‘रोस्तिच्चेरिया’ आणि ‘ताव्होला काल्दा’ या दुकानांतही चालतो. काचेमागे भाजलेल्या भाज्या, भाताचे प्रकार, लाझान्या मांडलेली असते. वजनावर किंवा ताटलीवर मिळते. आठ-दहा युरोत नीट जेवण होतं. नेपल्समध्ये चार घड्या घातलेला छोटा पिझ्झा, ‘आ पोर्ताफोल्यो’ म्हणजे पाकिटासारखा, दीड-अडीच युरोला रस्त्यावर मिळतो.

बसूनच जेवायचं असेल तर ते दुपारीच उरका. ऑफिसच्या भागांतल्या साध्या खाणावळींमध्ये कामाच्या दिवशी ‘मेनू प्रांझो’ असतो: एक पास्ता, कधी भाजी किंवा दुसरा पदार्थ, पाणी आणि कॉफी मिळून १२ ते १५ युरो. त्याच खाणावळीत रात्री तेवढ्याच जेवणाचे २५ युरो होतात. वेळ मात्र कडक, साडेबारा ते अडीच. तीन वाजले की चूल थंड, ती पुन्हा सात-साडेसातलाच पेटते. संग्रहालयातून चार वाजता भुकेले बाहेर पडलात तर उघडी सापडतात ती नेमकी दिवसभर पर्यटकांसाठी चालणारी महागडी हॉटेलं. बहुतेक लोकांचं बजेट फसतं ते याच वेळी. म्हणून तिकिटाची वेळ जेवणाची वेळ बघून काढा, किंवा पिशवीत काहीतरी ठेवा. १५ ऑगस्टच्या आगेमागे तर वस्तीतल्या चांगल्या खाणावळी आठवडा-दोन आठवडे सुट्टीवर जातात. त्या दिवसांत सुपरमार्केट हाच मुख्य आधार.

सुपरमार्केट आणि बाजार

कोनाद, कोप, एस्सेलुंगा, पाम, आणि स्वस्तातली लिडल व एउरोस्पिन, ही नावं नकाशात शोधा. जुन्या शहराच्या मध्यभागातल्या छोट्या शाखांत भाव जरा चढे असतात. व्हेनिसच्या स्त्रादा नोव्हा रस्त्यावर तर एका जुन्या नाट्यगृहातच सुपरमार्केट आहे. छतावरची चित्रं बघायला म्हणून जा आणि पाव घेऊन या.

फळं-भाज्या घेताना प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, माल पातळ पिशवीत भरायचा, फळाच्या पाटीवरचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि काट्यावर तो दाबून निघालेलं लेबल पिशवीवर चिकटवायचं. लेबल विसरलात तर गल्ल्यावरून परत पाठवतात आणि मागची रांग वैतागते. काही दुकानांत गल्ल्यावरच वजन करतात. काटा दिसला नाही तर तसं समजा. त्या पातळ पिशवीचेही २०१८ पासून एक-दोन सेंट लागतात. उघड्या बाजारात रीत उलटी आहे: तिथे फळाला हात लावायचा नाही, विक्रेताच निवडून देतो. हात लावलात तर बोलणी बसतील.

दोघांच्या दुपारच्या जेवणाचा साधा हिशेब असा: दोन छोटे पाव ८० सेंट, १२५ ग्रॅम मोझ्झारेल्लाचे दोन गोळे दोन युरोच्या आसपास, दोन टोमॅटो ६० सेंट, पाव किलो द्राक्षं एक युरो. साडेचार युरोत दोघं जेवतात. चीज कापून हवं असेल तर आतल्या काउंटरवर क्रमांकाची चिठ्ठी घ्या आणि ‘उन एत्तो’ सांगा. संध्याकाळी ‘स्कोन्तो’ म्हणजे सवलतीची चिठ्ठी लावलेला, मुदत संपत आलेला माल कमी भावात असतो, त्याच दिवशी खाणार असाल तर त्यात काही वाईट नाही. टू गुड टू गो हे ॲप इटलीत चांगलं चालतं. बेकऱ्या दिवसअखेर उरलेला माल चार-पाच युरोच्या पिशवीत देतात, पण आत काय निघेल ते निवडता येत नाही. शाकाहारी माणसाने फक्त बेकरीच्या पिशव्या घ्याव्यात, आणि त्याही उघडून तपासून.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर आदल्या रात्रीचा पास्ता डब्यात भरून नेता येतो. मिलानमध्ये अशा डब्याला खास शब्दच आहे, ‘स्किशेत्ता’.

खायचं कुठे, हे मात्र बघा. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून नुसतं बसलं तरी दंड होतो. व्हेनिसमध्ये पुलांच्या पायऱ्यांवर आणि रस्त्यात फतकल मारून खायला बंदी आहे, आणि दंड शंभर युरोपासून सुरू होतो. फ्लोरेन्सने २०१८ मध्ये उफीझी संग्रहालयाजवळच्या काही गल्ल्यांत खात उभं राहण्यावरच वटहुकूम काढला होता. सार्वजनिक बाग आणि बाकडं सापडेपर्यंत सॅंडविच पिशवीतच राहू द्या.

रात्र: बिल आधी मेनूवर वाचा

रेस्टॉरंटच्या दाराशीच मेनू लावलेला असतो. पदार्थांच्या किमतींपेक्षा त्याच्या तळाची बारीक अक्षरं आधी वाचा. तिथे ‘कोपेर्तो’ असतो, म्हणजे टेबलावर बसण्याचा माणशी आकार, एक ते तीन युरो. पावाला हात न लावताही तो द्यावाच लागतो. रोम ज्या लात्सियो प्रदेशात आहे तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे, म्हणून तिथल्या बिलात ‘पाने’ म्हणजे पावाचे पैसे दिसतात. पाव नको असेल तर टोपली ठेवतानाच ‘निएन्ते पाने, ग्रात्सिए’ म्हणा. ‘सेर्वित्सियो’ म्हणजे सेवा आकार. तो १०-१५ टक्के असेल तर दुसरं दार बघा. सेवा आकार घेत असोत वा नसोत, टिप देणं बंधनकारक नाही.

दोघांचं नेहमीचं बिल बघू. दोन पास्ता प्रत्येकी १२, म्हणजे २४, कोपेर्तो ५, पाणी ३, वाइनचे दोन पेले १२, एक तिरामिसू ७. झाले ५१. त्यावर १२ टक्के सेवा आकार, म्हणजे ५७ च्या वर. हेच जेवण सेवा आकार नसलेल्या ठिकाणी घ्या, पेल्यांऐवजी अर्धा लिटर घरची वाइन (‘मेझ्झो लित्रो देल्ला काझा’) सहा युरोला मागवा आणि गोड बाहेर जेलातोवर (इटालियन आइस्क्रीम) भागवा. ३८ आणि ६, एकूण ४४.

प्रीमो (पास्ता, भात), सेकोंदो (मांस-मासे), कोन्तोर्नो (भाजी) असा क्रम मेनूत असला तरी सगळं मागवायची सक्ती नाही. माणशी एक पदार्थ घेतला तरी कुणी काही म्हणत नाही.

खरा सापळा इथेही वजनाचाच. मासे आणि मोठे मांसाचे तुकडे अनेकदा एत्तोच्या भावाने लिहिलेले असतात. मेनूवर ७ युरो दिसतो, मासा निघतो ८०० ग्रॅमचा, बिल ५६. मासा आणून दाखवला की ‘क्वांतो पेझा?’ (वजन किती?) आणि ‘क्वांतो कोस्ता इन तोताले?’ (एकूण किती?) विचारल्याशिवाय मान डोलवू नका. एस आणि क्यू ही अक्षरं लिहिली असतील तर दर वजनावर ठरणार असा अर्थ. वेटर मेनू न देता ‘मी आणतो काहीतरी छान’ म्हणाला तरी किंमत विचारा. जानेवारी २०१८ मध्ये व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना स्टेक आणि माशांच्या एका जेवणाचं अकराशे युरोंहून जास्त बिल लागलं आणि ते प्रकरण जगभर गाजलं. बिल मागितल्याशिवाय येत नाही. ‘इल कोन्तो’ म्हणा, ओळ न् ओळ मेनूशी ताडून बघा आणि छापील पावती घ्या. कुणी पावती द्यायला टाळाटाळ केली तर ११७ हा आर्थिक पोलिसांचा क्रमांक आहे. त्याचा नुसता उल्लेख केला तरी बहुधा काम होतं. कार्डाच्या यंत्रावर रुपये की युरो असा प्रश्न आला तर युरोच निवडा, रुपयांतला दर नेहमी वाईट असतो.

उत्तरेकडे रात्रीचं जेवण टाळायचा एक रुचकर मार्ग आहे. मिलानमध्ये सहा ते नऊच्या दरम्यान ‘आपेरितीव्हो’ असतो: दहा-बारा युरोच्या एका पेयाबरोबर खाण्याची ताटली किंवा बुफे. पेय बिनदारूचंही चालतं. नावील्यी कालव्यांच्या काठी पाट्या वाचत फिरा, प्रत्येक ठिकाणची ताटली वेगळी असते. काही ठिकाणी नुसते वेफर्स आणि ऑलिव्ह येतात, ते शेजारच्या टेबलावर आधी बघून घ्या. व्हेनिसमध्ये ‘बाकारो’ नावाची उभ्याने प्यायची दुकानं आहेत. चिक्केत्ती म्हणजे पावावरचे छोटे घास दीड-तीन युरोला एक. चार-पाच चिक्केत्ती आणि एक ‘ओंब्रा’ (वाइनचा छोटा पेला) म्हणजे रात्र भागते. कान्नारेज्जो भागातल्या मिझेरिकोर्दिया आणि ओर्मेझिनी या कालव्याकाठच्या रस्त्यांवर ती ओळीने आहेत. बोलोन्यात ओस्तेरिया देल सोले हा १४६५ पासूनचा गुत्ता आहे. तिथे खाणं मिळतच नाही, फक्त पेय विकत घ्यायचं आणि शेजारच्या बाजारातून आणलेला पाव-चीज त्यांच्या टेबलावर बसून खायचा. इतकी सोयीची प्रथा आपल्याकडे का नाही, असं वाटून जातं.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांसाठी

मांस दिसत नाही म्हणजे ते नाही असं नसतं. रोमच्या ‘सुप्ली’ या भाताच्या तळलेल्या गोळ्यात परंपरेने मांसाचा रस्सा असतो. रिझोत्तो या मऊ भातात मांसाचं ‘ब्रोदो’ म्हणजे उकळून काढलेलं पाणी असू शकतं, इटलीतल्याच रोमान्या भागातल्या ‘पियादीना’ या पोळीत ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी, डाळीच्या सूपमध्ये ‘पान्चेत्ता’ म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणावं.

स्वस्त आणि निर्धोक असे पदार्थ आहेतच. ‘मारिनारा’ पिझ्झा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीज नाही, आणि मेनूवर बहुधा सगळ्यांत कमी किमतीचा तोच. जेनोवातली ‘फारिनाता’ म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल भट्टीत भाजून केलेला, बिनमसाल्याचा बेसनाचा पोळाच. पालेर्मोची ‘पानेल्ले’ तर आपल्या पाटवडीची सख्खी बहीण: पीठ शिजवून थापतात, कापतात आणि तळतात, पावात घालून दोन-अडीच युरोला मिळते. कांदा-लसूण नको तर ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’. काहीच जमेना तर ‘पास्ता इन ब्यांको’ मागा, फक्त तेल किंवा लोणी घातलेला पास्ता. मेनूवर नसला तरी बहुतेक खाणावळी करून देतात.

घरून खाऊ नेणार असाल तर युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवा: बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, पनीर राहू द्या. ताजी फळंही नकोत. चिवडा, मेतकूट, चटण्या, तेलातल्या दशम्या चालतात. चार-पाच दिवसांनी वरण-भाताची आठवण अनावर झाली तर रोमच्या तेर्मिनी स्टेशनजवळ एस्क्विलीनोच्या बाजारात डाळ, तांदूळ आणि मसाले मिळतात.

एवढं सांभाळलं तर माणशी दिवसाचा हिशेब असा बसतो: न्याहारी ३, दुपार ६, फळं २, जेलातो ३, रात्री १५ ते १८. जेलातो घेताना भडक हिरवा पिस्ता आणि डोंगरासारखे रचलेले फुगीर ढीग दिसले तर पुढे चला. पर्यटकांच्या रस्त्यावर ‘छोटा’ न सांगितल्यास दहा युरोचा कोन हातात येतो, म्हणून आधी ‘पिक्कोलो’ म्हणा.

परतीच्या दिवशी रिकामी बाटली हातातल्या बॅगेत ठेवा आणि सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्या. चीज विमानतळावर घेऊ नका. आदल्या दिवशी सुपरमार्केटच्या काउंटरवर ‘सोत्तोवुओतो’ सांगितलं की हवा काढून पक्कं बांधून देतात. ऑलिव्ह तेल आणि १०० मिलीपेक्षा मोठी पेस्तो चटणीची बरणी चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.